तीन मोजा आणि पुन्हा विचारा

कोयनेच्या खोऱ्यातल्या त्या भूकंपमापन प्रयोगशाळेत नव्या माणसाचं स्वागत एका ठरलेल्या पद्धतीने होत असे. त्याला तळघरात नेऊन कंपनलेखकाच्या पडद्यासमोर बसवायचं आणि वर येऊन चहा पीत वाट पाहायची. दहा-पंधरा मिनिटांत तो धापा टाकत जिना चढून यायचा आणि सांगायचा, की आत्ता एक छोटा भूकंप होऊन गेला, पडद्यावर स्पष्ट दिसला. मग त्याच्या हातात कप देऊन कुणीतरी शांतपणे म्हणायचं, "तुम्ही खुर्ची मागे सरकवून उठलात ना, तो हा भूकंप." यंत्र इतकं हळवं होतं, की त्याच्याकडे बघायला गेलेल्या माणसाची पावलंही त्यात उमटत. अशा नोंदींवर 'स्वपाऊल' असा शेरा मारून त्या दप्तरातून काढून टाकायच्या, हा तिथला पहिला धडा.

केतकी निकमने हा धडा बत्तीस वर्षांपूर्वी घेतला होता. त्या दिवशी तिच्या हातात कप देणारा माणूस म्हणजे संग्राम निकम. डोंगरावरच्या चौक्यांमधली यंत्रं आणि खालची प्रयोगशाळा यांचं एकमेकांशी बोलणं चालू ठेवणाऱ्या आज्ञावल्या तो लिहायचा. त्या कपापासून तिचं आडनाव बदलेपर्यंत दीड वर्ष गेलं. आता केतकी प्रयोगशाळेची प्रमुख होती आणि संग्रामला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

सकाळी कामावर आल्यावर आपण सगळ्यात आधी अकरा चौक्यांच्या रात्रीच्या नोंदी बघतो, असं ती नव्या मुलांना सांगत असे. ते खरं नव्हतं. सगळ्यात आधी ती खिडकी उघडायची.

खिडकी म्हणजे संग्रामने तिच्यासाठी लिहिलेली चाळीस ओळींची आज्ञावली. तिला एकच काम येत होतं. 'उकल' नावाच्या संकेतस्थळावर जाऊन संग्रामचा मानांक किती झाला ते विचारायचं आणि पडद्याच्या कोपऱ्यात दाखवायचं. उकल हा आज्ञावल्या लिहिणाऱ्यांचा जगभरचा अड्डा. कुणी अडला की तिथे प्रश्न टाकायचा, दुसरा कुणी उत्तर द्यायचा, आणि ते उपयोगी पडलं की वाचणारे शेजारचा बाण दाबायचे. एका बाणाने उत्तर देणाऱ्याचा मानांक एकाने वाढायचा. त्याबदल्यात कुणाला काही मिळत नसे. तरी त्या आकड्यासाठी भली भली माणसं जेवणावरून उठून जात.

संग्राम त्यांच्यातलाच एक. सिलिंडर संपलाय हे तिसऱ्यांदा सांगूनही ज्याच्या कानावर जायचं नाही, तो माणूस ब्राझीलमधल्या कुणाच्या तरी अडचणीला पाच मिनिटांत उत्तर द्यायचा. केतकी एकदा वैतागून म्हणाली, "तुझा तो मानांक माझ्या टेबलावरच लावून ठेव. म्हणजे घरात मी कुणाशी बोलतेय ते तरी मला कळेल." त्याने ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी तिच्या कार्यालयातल्या संगणकावर खिडकी बसलेली होती. तेव्हाच जुनी झालेली भाषा, त्यामुळे त्या एका संगणकावरच चालायची, आणि तोही आता इतका म्हातारा झाला होता की सुरू होताना कण्हायचा.

उकलवर दोन गोष्टी फार कडक होत्या. एक, उत्तराखाली आभार लिहायचे नाहीत. आभाराने जागा अडते आणि पुढच्याचा वेळ जातो, त्यापेक्षा बाण दाबा. नको ते शब्द कापायला स्वयंसेवक छाटणीवाले नेमलेले होते. दुसरी, एका घरात राहणाऱ्यांनी एकमेकांना दिलेले गुण बाद. भाऊ भावाला आणि बाप लेकाला वर चढवायला लागल्यावर हा नियम आला होता. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात केतकीने हौसेने संग्रामच्या एका उत्तराचा बाण दाबला. दुसऱ्या दिवशी दोघांना ताकीद आली, गुण परत घेतला गेला आणि वर दंड म्हणून आणखी एक गेला. "लग्नाचा आहेर," संग्राम पुढे वीस वर्षं ऐकवायचा, "बायकोने मला एका गुणाने खाली आणलं." त्यानंतर तिने बाणाला कधी हात लावला नाही.

मग काळ बदलला. लोक एकमेकांना विचारायचे थांबले आणि उत्तरयंत्राला विचारू लागले. पण यंत्राला जे येत होतं ते उकलवरच शिकलेलं होतं, त्यामुळे बरीच भांडणं होऊन शेवटी एक तोड निघाली. यंत्र ज्या माणसाच्या उत्तरातून उपाय उचलेल, त्या माणसाला एक उगमगुण. ही व्यवस्था सुरू झाली त्याच वर्षी संग्राम गेला. त्याने एकही बाण मागितला नाही, तरी त्याचा मानांक वाढत राहिला. पहिली काही वर्षं भराभर, आणि गेली पाच वर्षं दिवसाला तीन, चार, कधी पाच.

केतकी त्या तीन-चारांवर जगत होती, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. ती कामावर जगत होती, मुलगी कराडला होती, नातवंडं सुट्टीला येत होती. पण दिवसातून चार वेळा खिडकी उघडायची. कामावर आल्यावर, डबा खायच्या आधी, चार वाजता चहाबरोबर आणि घरी निघताना. कधी एकाने वाढलेला असायचा, कधी दोनाने, कधी तेवढाच. वाढलेला दिसला की तिला वाटायचं, आज कुठेतरी कुणीतरी अडलं होतं आणि संग्रामने त्याला सोडवलं. त्या माणसाला संग्राम कोण ते ठाऊक नाही, तो गेला हे ठाऊक नाही. त्याच्यापुरता तर संग्राम आत्ताच बोलला. तिला त्या अनोळखी लोकांचा हेवा वाटायचा. तिला त्याला काही विचारावंसं वाटलं तर कुठे अडायचं हेच कळत नव्हतं.

खिडकी उघडताना अलीकडे एक कटकट असायची. म्हाताऱ्या आज्ञावलीत काही बिनसलं, की संगणकाची स्वयंदुरुस्ती जागी होऊन तात्पुरता उपाय करायची आणि चौकट दाखवायची. 'दोष आढळला. उपाय केला आहे. बदल कायम ठेवू का?' केतकी न वाचता 'नको' दाबायची. संग्रामच्या चाळीस ओळींत परक्याचा हात लागलेला तिला नको होता. 'नको' दाबलं की दोन-तीन सेकंद काहीच व्हायचं नाही आणि मग आकडा यायचा. घाटातली जोडणी, उशीर लागणारच.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सचिनमामा दारात येऊन उभे राहिले. प्रयोगशाळेचे हे पहारेकरी साठीचे. त्यांच्या पिढीत गावागणिक चार सचिन असायचे, त्यांतले हे शेवटचे नोकरीत उरलेले.

"म्याडम, मिरजंचं सायब आल्यात. मापं घेणारं."

मिरजेचे साहेब म्हणजे डॉ. नावेद मुजावर. वय पस्तिशीचं, अंगात इस्त्रीचा सदरा, हातात एक चपटी पेटी. ते मापनशास्त्रज्ञ होते. म्हणजे एखादं माप नेमकं काय मोजतं, ते शोधणारे.

"तुमचं काम माझ्या कामाचं चुलत भावंडच म्हणायचं," केतकी म्हणाली. "बसा. कसलं माप काढलंत?"

"मानांकाचं." त्यांनी पेटी टेबलावर ठेवली. "तीस वर्षं सगळे धरून चालले होते की मानांक हुशारी मोजतो. आम्ही तपासलं. हुशारीशी त्याचा संबंध फारच पातळ आहे."

"मग काय मोजतो?"

"उकलवरचं सगळ्यात अवघड उत्तर मी वाचलंय. सतरा पानं. लिहिणाऱ्या बाईंची दोन वर्षं गेली असतील. गुण मिळाले तीन. आणि आजची तारीख कशी छापायची, या एका ओळीच्या उत्तराला अकरा लाख."

केतकी हसली. "म्हणजे खड्डा किती खोल ते मोजत नाही. रस्त्यावरून किती जण गेले ते मोजतो."

"गेले ते नाही. किती जणांचा पाय मुरगळला ते. मानांक गरज मोजतो, मॅडम. तुम्ही एकदा जिथे अडला होतात, तिथेच तुमच्यामागून किती जण येऊन अडले, एवढंच. त्यात तुमची थोरवी काही नाही. तुम्ही आधी पोचलात आणि जाताना खूण ठेवलीत."

"ही थोरवी नाही?"

 "ती मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही," मुजावर म्हणाले.

पेटीतलं यंत्र वेगळं होतं. त्याला त्यांनी गरजमापक असं नाव दिलं होतं. कोणत्या उत्तराची गरज कुठून आणि कधी लागली, ते गरजमापक उकलच्या नोंदींतून वाचत असे. नाव कळत नसे, पण गाव साधारण कळत असे. वाचताना तो स्वतः उकलला काही विचारत नसे, त्यामुळे त्याच्या बघण्याने काही बदलायचं नाही. हे सगळं करण्याचं कारण असं, की उकलच्या विश्वस्तांनी जुनी उत्तरं काढून टाकायचं ठरवलं होतं. कालबाह्य उत्तरांनी यंत्रं चुकीच्या वाटेला लागत. वर्षभरात एकाही माणसाला ज्याची गरज लागली नाही, ते उत्तर जाणार होतं. एखाद्याची सगळी उत्तरं गेली, की त्याचं खातं मिटणार आणि त्याबरोबर मानांकही.

"संग्राम निकमांची दोनशे बारा उत्तरं होती," मुजावर म्हणाले. आवाज त्यांनी सांभाळून खाली आणला होता. "दोनशे अकरा विझली आहेत. एक चालू आहे."

केतकीला हे ठाऊक नव्हतं. खिडकी फक्त बेरीज दाखवायची.

"एकच?"

"एकच. आणि त्याची गरज गेली पाच वर्षं एकाच ठिकाणाहून लागते. या खोऱ्यातून. म्हणून मी आलो."

तिने जगाचा नकाशा मनात इतकी वर्षं रंगवलेला होता. चिलीतल्या खाणीत कुणी, कुठल्या जहाजावर कुणी, लातुरात कुणी. तो सगळा नकाशा या माणसाने एका वाक्यात गुंडाळून पाटण तालुक्यात आणून ठेवला.

"कोणतं उत्तर?" तिने विचारलं.

मुजावरांनी वाचून दाखवलं. "दूरच्या यंत्राकडून अर्धवट उत्तर आलं तर आज्ञावली वाट बघत गोठते. जोडणी बंद करा, तीन मोजा आणि पुन्हा विचारा."

"त्याच्या आधी दोन वाक्यं होती," केतकी म्हणाली. "बोलणं मध्येच तुटलं तर रागावू नका. समोरचाही दमलेला असतो. छाटणीवाल्यांनी कापली ती. कामाची नाहीत म्हणून."

ती वाक्यं कुणाशी भांडण झाल्यावर लिहिली होती, ते तिने सांगितलं नाही. ते भांडणही तसं काही मोठं नव्हतं. जेवताना तिचं बोलणं अर्धवट राहिलं, तो उठून गेला, आणि तासाभराने येऊन त्याने जिथे तुटलं होतं तिथूनच पुन्हा विचारलं होतं.

"मला वाटतं ती गरज तुमच्याच एखाद्या यंत्राला लागते," मुजावर म्हणाले. "चौक्यांशी बोलणारं काहीतरी जुनं असेल. तसं असेल तर वाईट आहे. नियमात माणसाची गरज लिहिली आहे. यंत्राने यंत्रासाठी आपोआप उचललेलं उत्तर धरत नाहीत."

"आणि यंत्र नसेल तर?"

"तर खोऱ्यात कुणीतरी माणूस आहे. मग उत्तर राहील. एक माणूस पुरतो." त्यांनी एक परीक्षा सुचवली. प्रयोगशाळेतून बाहेरच्या जाळ्याशी बोलणारी प्रत्येक आज्ञावली आठ दिवस बंद ठेवायची. चौक्यांच्या नोंदी आतल्या तारेवरून येत राहतील, त्यांना धक्का नाही. "आठ दिवसांत गरज चालू राहिली, तर ती बाहेरच्या कुणाची. थांबली, तर इथली."

"माझी एक लहानशी खिडकी आहे," केतकी म्हणाली. "ती फक्त आकडा बघते. कुणाला काही विचारत नाही."

"बाहेर जाते ना? मग तीही."

तिने हो म्हटलं. शास्त्रज्ञाला दुसरं काय म्हणता येणार. बंद करण्याआधी तिने एकदा बघून घेतलं. पंधरा हजार तीनशे सहा.

पहिले दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी डबा खायच्या वेळी तिचा हात आपोआप कोपऱ्याकडे गेला आणि रिकामा परत आला. चौथ्या दिवशी तिने पडद्याच्या त्या कोपऱ्यावर कॅलेंडरचं पान चिकटवलं. सचिनमामा चहा घेऊन आले, पानाकडे बघितलं आणि काही न विचारता कप ठेवला. जाताना मात्र म्हणाले, "निकमसायब गेल्यावर पंधरा दिस तुमी आशाच बसल्यावता."

त्या आठ दिवसांत केतकीने देवाजवळ काही मागितलं नाही, कारण तशी सवय नव्हती. पण घरी चालत जाताना ती रस्त्यावरच्या घरांकडे बघायची. यातल्या एखाद्या घरात कुणी असेल का, जुन्या भाषेत काहीतरी खटपट करत बसलेला? एखादा निवृत्त मास्तर, एखादी कॉलेजातली पोरगी? तिला तो माणूस असायला हवा होता. रोज चार वेळा अडणारा, डोक्याने जरा मंद असला तरी चालेल असा एक माणूस. एका घरातून दुरुस्तीच्या हत्यारांचा आवाज आला, तर ती फाटकाशी थांबली. आत एक माणूस मिक्सर उघडून बसला होता. त्याने विचारलं, "काय पायजे?" ती म्हणाली, "काही नाही," आणि पुढे गेली.

संग्राम गेल्यापासून तिने त्याच्या नावाची कुठलीच गोष्ट बदलली नव्हती. वीजबिल त्याच्या नावाने यायचं. दारावरच्या पाटीवर त्याचं नाव आधी होतं. खातेदार वारला तर तसं उकलला कळवायची सोय होती. तिने कळवलं नव्हतं, त्यामुळे तिथल्या दप्तरी तो अजून तिच्याच पत्त्यावर राहत होता. कुणी विचारलं तर ती म्हणायची, वेळ झाला नाही. नऊ वर्षं वेळ न होणं जरा जास्तच होतं, पण असं तोंडावर कोण सांगणार.

नवव्या दिवशी सकाळी मुजावर आले. गरजमापक त्यांनी तिच्या टेबलावर उघडला आणि त्याचं तोंड तिच्याकडे वळवलं. पंधरा हजार तीनशे सहा. आठ दिवसांची रेघ काठीसारखी सरळ होती.

"कुणी नाही," केतकी म्हणाली.

"खोऱ्यात कुणी नाही. गरज इथलीच आहे." ते मनापासून ओशाळले होते. "मला वाईट वाटतं. पण कोणतं यंत्र ते शोधावं लागेल. अहवालात लिहायला हवं."

बंद केलेल्या आज्ञावल्या मग त्यांनी एकेक करून सुरू केल्या. हवामानाची, घड्याळ जुळवण्याची, मुख्य कार्यालयाला टपाल पाठवणारी. प्रत्येकीनंतर दहा मिनिटं थांबायचं आणि रेघ बघायची. रेघ हलली नाही. दुपारपर्यंत सगळ्या झाल्या, आणि सचिनमामा दोनदा चहा देऊन गेले.

"आता तुमची खिडकी तेवढी उरली," मुजावर म्हणाले.

"ती काही विचारत नाही, सांगितलं ना."

"औपचारिकता म्हणून."

केतकीने कॅलेंडरचं पान काढलं आणि खिडकी उघडली. चौकट आली. तिने 'नको' दाबलं. दोन-तीन सेकंद काही झालं नाही. मग आकडा आला. पंधरा हजार तीनशे सात.

नऊ दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास आला. "बघा," ती म्हणाली. "आला एक. तुमचं यंत्र चुकलंय. आहे कुणीतरी."

 मुजावरांनी गरजमापक पुन्हा तिच्याकडे वळवला. सरळ रेघेच्या टोकाला एक बारीक टोचा उभा होता. वेळ, आत्ताची. ठिकाण, हीच खोली.

बराच वेळ ती टोच्याकडे बघत राहिली. असे टोचे तिने हजारो पाहिले होते. खुर्ची मागे सरकवून कुणी उठलं, की असाच उमटतो.

"ती चौकट परत आणता येईल?" मुजावरांनी हळू विचारलं. "मॅडम, तुम्ही ती वाचता का कधी?"

तिने खिडकी मिटून पुन्हा उघडली. 'दोष आढळला. उपाय केला आहे. बदल कायम ठेवू का?' खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, ती पाच वर्षांत तिने एकदाही दाबली नव्हती. 'उपाय कुणाचा ते पाहा.' तिने ती दाबली.

दोष: उकलकडून अर्धवट उत्तर आले. उपाय: जोडणी बंद करा, तीन मोजा आणि पुन्हा विचारा. उगम: संग्राम निकम.

मग मुजावरांनी ते सावकाश उलगडून सांगितलं. सांगायची तशी गरज नव्हती, पण माणसाला काहीतरी बोलावं लागतं. संग्राम गेल्यावर उकलने आपली उत्तरं तुकड्यांत पाठवायला सुरुवात केली. त्याच्या खिडकीला ते कळेना, ती अडायची. स्वयंदुरुस्ती उत्तरयंत्राला विचारायची. उत्तरयंत्र संग्रामचाच उपाय आणून द्यायचं, संग्रामला एक गुण मिळायचा, आणि मग खिडकी तोच वाढलेला आकडा दाखवायची. एकदा अडली तर एक, दोनदा अडली तर दोन, न अडली तर काही नाही. एकदा 'ठेव' म्हटलं असतं तर खिडकी पुन्हा कधीच अडली नसती.

"त्याच्या ओळींत परक्याचा हात नको म्हणून मी रोज नको म्हणत आले," केतकी म्हणाली. "चार-चार वेळा."

"ते परके नव्हते," मुजावर म्हणाले.

"रविवारी आकडा वाढायचा नाही. मला वाटायचं, जगाला सुट्टी असते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला मी बारा दिवस घरी होते, तेव्हा अजिबात वाढला नव्हता. मला वाटलं उकल बंद पडलं असेल." तिने डोळे पुसले, आणि पुसताना हसलीही. "बत्तीस वर्षं झाली मला इथे. नव्या पोरांना तळघरात बसवून हसतो आम्ही. आमच्याकडे याला स्वपाऊल म्हणतात. दप्तरातून काढून टाकतात. लिहा तुम्ही अहवालात, प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र. नियमाप्रमाणे आहे."

मुजावरांनी पेटी मिटली नाही. ते टोच्याकडेच बघत होते. मापनशास्त्रज्ञाच्या चेहऱ्यावर एरवी दिसत नाही असं काहीतरी तिथे दिसलं, पण बोलले ते नेहमीसारखंच, मोजून मापून.

"खिडकी आपोआप उघडते?"

"नाही. मी उघडते."

"मग यंत्रामागे माणूस आहे. तुमच्या यंत्राला जमीन मोजायची असते, मॅडम, म्हणून तुम्ही पावलं काढून टाकता. माझ्या यंत्राला पावलंच मोजायची आहेत. गरज कशासाठी लागली हे गरजमापक विचारत नाही. गरजू किती, एवढंच विचारतो." त्यांनी पेटीतून नोंदीचा तक्ता काढला आणि एका चौकोनात लिहिलं. एक.

उत्तर राहणार होतं. ती रोज बघत राहील तोवर ते राहणार होतं.

"एकोणीस, वीस... बावीस वर्षं संसार केला," केतकी म्हणाली. "एक गुण देता आला नाही मला त्याला. दिला तो परत घेतला त्यांनी."

मुजावरांचा हात थांबला. तक्त्यावरचा पुढचा रकाना त्यांना तोंडपाठ होता, आणि तो तिला वाचून दाखवावा लागणार हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. त्यांनी तक्ता तिच्यापुढे सरकवला. "हा रकाना गरजू व्यक्तीने स्वतः भरायचा असतो. तुम्ही लिहाल ते मी धरीन."

प्रश्न छापील होता. 'गरजू व्यक्ती आणि उत्तर देणारी व्यक्ती एकाच घरात राहतात काय? राहत असल्यास गुण बाद समजावेत.'

केतकीने तो दोनदा वाचला. उकलच्या दप्तरी संग्रामचा पत्ता तिचाच होता, तिने तो तसा ठेवला होता. 'होय' लिहिलं तर पाच वर्षांचे गुण बाद होतील, गरजू शून्य होतील आणि शेवटचं उत्तर जाईल. उत्तर राहायला हवं असेल, तर संग्रामला घरातून जाऊ द्यायला हवं.

"तुम्हाला वेळ हवा असेल तर मी उद्या येतो," मुजावर म्हणाले.

"नको."

खाली आवारात सचिनमामा कुणाला तरी गाडी नीट लाव म्हणून सांगत होते. तळघरातल्या यंत्रात त्या गाडीचाही एक टोचा उमटला असेल. केतकीने पेन उचललं आणि कसलीही खाडाखोड न करता रकान्यात लिहिलं, नाही. त्याखाली जागा होती तिथे तिने तारीख लिहिली, नऊ वर्षांपूर्वीची, आणि सही केली.

मुजावर तक्ता घेऊन गेले. निघायची वेळ झाली होती. तिने खिडकी उघडली, चौकट आली, या वेळी ती पूर्ण वाचली आणि मगच 'नको' दाबलं. पडदा स्तब्ध होता. इतकी वर्षं ती या थांबण्याला घाटातला उशीर समजत होती. तिने त्याच्याबरोबर तीन मोजले.